ज्वारी दहा किलो भरेपर्यंत

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता साधनाताईंच्या अंगणवाडीतली लेकरं अचानक हलकी झाली.

साडेदहाच्या आधी काट्यावर बसलेली अकरा लेकरं आपापल्या वजनाची होती. बारावा नंबर चतुराबाईच्या नातवाचा. चौदा महिन्यांचं पोरगं, मागच्या महिन्यात साडेआठ किलो भरलेलं. त्याला काट्यावर बसवलं तर आकडा आला सात किलो शंभर. साधनाताईंनी त्याला उचललं, रिकामा काटा शून्य दाखवतो का ते पाहिलं आणि परत बसवलं. पुन्हा सात किलो शंभर. त्याच्यामागून आलेली दहाच्या दहा लेकरंही तशीच निघाली. कुणी किलोभर कमी, कुणी दीड किलो.

"काटा बिघडला का काय, ताई?" चतुराबाईने विचारलं.

"शून्य तर बराबर दाखवून राहिला, मावशी."

"मंग माझं लेकरू कुठं गेलं दीड किलो?"

आकडे मोबाइलमध्ये भरायचे होते, ते साधनाताईंनी भरले. भरल्याबरोबर पडद्यावर अकरा नावांपुढे लाल ठिपके उमटले.

हे गाव हिंगोलीकडच्या पुसेगावपासून आत, ओढ्याकाठी. अंगणवाडीच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं, तोवर ती साधनाताईंच्याच घराच्या पुढच्या खोलीत भरायची. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे मागची खोली होती, आणि त्या खोलीत साधनाताईंचे यजमान वैजनाथ कऱ्हाळे नेमके त्याच वेळी अतिशय खुशीत बसले होते.

वैजनाथ पोलिसांच्या बिनतारी विभागातून निवृत्त झाले होते. तेहतीस वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून निरोप घेतले आणि दिले. निवृत्तीनंतर कानाला सुनं वाटायला लागलं, म्हणून त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन घेतलं, दोन बाभळींच्या मध्ये तार ताणली आणि घरबसल्या जबलपूर, बेळगाव, कोट्टायम इथल्या आपल्यासारख्याच रिकाम्या माणसांशी बोलू लागले. गावात त्यांना 'वायरलेस काका' म्हणत. पण त्यांचा आवाज पलीकडे फार बारीक जायचा. जबलपूरचे एक रिटायर पोस्टमास्तर तर दर वेळी म्हणायचे, "कऱ्हाळेजी, आप कुएँ में से बोल रहे हैं क्या?"

ते विहिरीचं बोलणं वैजनाथना लागलं. त्यांनी आवाज मोठा करणारा अँप्लिफायर घरीच बांधायचा ठरवलं. हैदराबादच्या जुन्या बाजारातून जुन्या रेडिओत असायचे तसे, पण मुठीएवढे, काचेचे दोन व्हॉल्व आणले, जळालेल्या मोटारीतून तांब्याची तार काढली, दुकानाच्या जुन्या पाटीचा अॅल्युमिनियमचा पत्रा कापून सांगाडा केला. चार महिने खपून यंत्र तयार झालं. त्यातली वायरिंग म्हणजे पाहत राहावं अशी. एकूण एक तार सरळ रेषेत, काटकोनात वळवलेली, शेजारच्या तारेला मेणाच्या दोऱ्याने बोटभर अंतरावर गाठी मारून बांधलेली. खात्यात असताना कंट्रोल रूमच्या पॅनेलमागे त्यांनी अशीच बांधणी पाहिली होती. वैजनाथ खात्यात ऑपरेटर होते, मेकॅनिक नव्हते, एवढा एक तपशील निवृत्तीनंतर त्यांच्या ध्यानातून गेला होता.

त्या सोमवारी सकाळी साडेदहाला, साधनाताई अंगणवाडीत गुंतल्यावर, त्यांनी यंत्राला पहिल्यांदा विजेचा पूर्ण दाब दिला. बोलले काही नाहीत. बोलायचं बटणसुद्धा दाबलं नाही. व्हॉल्व नीट तापू द्यायचे, दोन-चार दिवस नुसते तापवायचे, मग हवेवर जायचं, असा त्यांचा बेत होता. मीटरचा काटा शून्यावर राहायला हवा होता, तो अर्ध्यावर जाऊन उभा राहिला. वैजनाथनी काचेवर टिचकी मारली, काटा हलला नाही, तेव्हा मीटर जुनं आहे असं त्यांनी ठरवलं. व्हॉल्वच्या पोटातला पत्रा हळूहळू लाल झाला. ते त्यांना फारच आवडलं. हात जोडून ते त्या लाल रंगाकडे दीड तास बघत बसले.

दुसऱ्याच दिवशी पर्यवेक्षिका प्रतिक्षा मॅडमचा फोन आला.

"साधनाताई, एका दिवसात अकरा लेकरं तीव्र कमी वजनाची? तालुक्यात कुठंच असं नाही. मला वर उत्तर द्यायचंय."

"मॅडम, माझाच विश्वास बसून नाही राहिला. तुमी येऊन पहा."

मॅडम गुरुवारी आल्या. हुशार बाई होती. काटा बिघडला असेल या हिशेबाने त्यांनी शेजारच्या गावच्या अंगणवाडीतला दुसरा काटा गाडीत घालून आणला होता. घरात साहेबमाणूस आलं की आपण मधेमधे करू नये, या शहाणपणाने वैजनाथ मागच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि वेळ जावा म्हणून व्हॉल्व तापत ठेवले.

दुसऱ्या काट्यावरही चतुराबाईचा नातू सात किलो शंभरच भरला. एवढंच नव्हे, तर सोमवारी जी अकरा लेकरं ठीक होती, त्यांतली आठ आता लाल ठिपक्यांत गेली.

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे काट्यात दोष नाही. ताई, तीन आठवड्यांनी डॉक्टरांचं पथक घेऊन येते. तेव्हाही असंच निघालं तर लेकरांना आयांसकट हिंगोलीला चौदा दिवस भरती करावं लागेल. आणि तुम्हाला नोटीस द्यावी लागेल, माझा इलाज नाही."

बावीस वर्षं साधनाताई अंगणवाडी चालवत होत्या. एवढ्या काळात त्यांना साधा मेमो आला नव्हता. आता गावात कुजबुज सुरू झाली. हळद शिजवायचे दिवस, बायका कढईपाशी जमायच्या, आणि तिथे एकच विषय. लेकरांची खिचडी लेकरांच्या पोटात जाते का आणखी कुणाच्या, असं कुणीतरी बोललं, ते साधनाताईंच्या कानावर आलं. त्या दिवसापासून त्यांनी अंगणवाडीच्या पातेल्याला स्वतः हात लावायचं सोडलं. आयांना बसवून त्यांच्याच हातून वाढून घेऊ लागल्या. घरी मात्र अर्धी भाकरी ताटात तशीच राहायची.

बायकोचं हे वाळणं वैजनाथना बघवेना. त्यांच्यातला पोलीस जागा झाला.

"साधना, तू काळजी करू नको. मी तपास करतो."

आणि त्यांनी खरोखर केला. एक कोरी वही घेऊन ते घरोघर गेले आणि आयांचे जबाब लिहून घेतले. लेकरू सकाळी काय खातं, हगवण कधी लागली होती, पाणी कुठल्या आडाचं. हातपंपाच्या पाण्याची बाटली भरून स्वतः हिंगोलीला जाऊन तपासायला देऊन आले. पाणी चांगलं निघालं. मग त्यांना डाळीचा संशय आला, मग फवारणीचा. रोज सकाळी साडेदहाला ते थकून मागच्या खोलीत येत, यंत्र चालू करत आणि व्हॉल्वच्या लाल उजेडात बसून विचार करत, की या गावच्या लेकरांना नेमकं कोण खातंय.

तिकडे चतुराबाईने मात्र तपासाची वाट पाहिली नाही. मॅडम येऊन गेल्या त्याच संध्याकाळी ती घरी जाऊन लेकासमोर उभी राहिली. सोमेश्वर तिचा एकुलता एक. घरी दोन म्हशी, पण सगळं दूध कॅनमध्ये भरून डेअरीला जायचं. घरात चहापुरतं उरायचं.

"दोन लिटर दूध घरात राहील आजपासून," तिने सांगितलं. "न्हाई तर तुझी बायको चौदा दिवस दवाखान्यात अन् हळद तू एकट्यानं शिजव."

सोमेश्वरने दूध ठेवलं. अंडीही आणली. बाकीच्या घरांतही हेच झालं. कुणी शेंगदाण्याचे लाडू वळले, कुणी डाळीला दोन मुठी वाढवल्या. ज्या बापांनी लेकराचा हात कधी धरून पाहिला नव्हता, ते रोज संध्याकाळी मनगट चाचपून बघू लागले.

साधनाताईंचा मात्र त्या काट्यावरून विश्वास उडाला नव्हता आणि बसतही नव्हता. दोन आठवडे झाले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी किराणा दुकानात दहा किलो ज्वारी मोजून घेतली, पिशवीचं तोंड शिवलं आणि अंगणवाडीच्या काट्यावर ठेवली. आकडा आला दहा किलो. सकाळी दहाला पुन्हा पाहिलं. दहा किलो. अकरा वाजता सहज नजर गेली, तर पिशवी आठ किलो साडेतीनशे.

साधनाताई त्या पिशवीकडे बघत राहिल्या. पिशवीला कुणी हात लावला नव्हता. उंदीर आला असता तरी तासाभरात दीड किलोहून जास्त ज्वारी खाऊन गेला नसता. एवढ्यात भिंतीपलीकडून पंख्याची घरघर ऐकू आली. यंत्र गार राहावं म्हणून वैजनाथनी त्याला एक छोटा पंखा लावला होता.

साधनाताई मधलं दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. तिथून काटाही दिसत होता आणि नवराही.

"ते बंद करा."

"काहून?"

"करा तर."

वैजनाथनी खटका खाली केला. साधनाताईंनी मान वळवून काटा पाहिला. दहा किलो.

"आता चालू करा."

आठ किलो साडेतीनशे.

"बंद करा."

दहा किलो.

असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी वैजनाथ स्वतः उठून काट्यापाशी गेले आणि साधनाताईंनी खटका ओढला. ज्वारी त्यांच्या डोळ्यांदेखत हलकी झाली. ते तिथेच लेकरांच्या बुटक्या खुर्चीवर बसले.

"पण साधना, मी बोललोच न्हाई," ते म्हणाले. "शपथ. बटण दाबलंच न्हाई मी एक डाव पण. न बोलता कसं काय बाहेर पडंल?"

"तुमी न्हाई बोलले. ते बोलून राहिलंय."

वैजनाथना एकेक आठवलं. सोमवार, साडेदहा. गुरुवार, मॅडम. जबाबांची वही. पाण्याची बाटली घेऊन केलेली हिंगोलीची खेप. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी आत्ता जाऊन सगळ्यांला सांगते," साधनाताई पदर खोचत म्हणाल्या.

"साधना, थांब. आधी दुरुस्त करतो. नुसतं सांगितलं तर लोक तार उपटून फेकतील, अन् तरी पण कुणी म्हणंल की नवऱ्यानं बायकोला वाचवायला गोष्ट रचली. मॅडम येतील त्या दिशी लेकरं नीट भरू दे. मंग मी सोता सांगतो."

"सोता?"

"सोता. सगळ्यांच्या समोर."

"मॅडमच्या समोर," साधनाताई म्हणाल्या, "अन् चतुरामावशीच्या पण."

मॅडमचं नाव ऐकून वैजनाथना काही वाटलं नाही. चतुराबाईचं नाव ऐकल्यावर मात्र ते खुर्चीवरून उठले आणि फोन शोधायला लागले.

त्यांनी बाबूसिंगला फोन केला. बाबूसिंग राठोड आखाडा बाळापूरच्या बाजूच्या तांड्यावरचा. फौजेत सिग्नल्समध्ये वीस वर्षं काढून आलेला, रेडिओच्या पोटात हात घालणारा खरा मेकॅनिक. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर आला, यंत्राचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"वायरिंग कशी वाटली?" वैजनाथनी न राहवून विचारलं.

"लय सुंदर. फौजेत असतास तर इनाम भेटलं असतं."

वैजनाथ जरा सैल झाले.

"अन् हीच तुझी बिमारी हाय," बाबूसिंग म्हणाला. "हे पाय. आत येणारी तार ही. बाहेर जाणारी तार ही. दोघींला तू शेजारी शेजारी झोपवून दोऱ्यानं बांधलंस. लग्नात कुणी माईक घेऊन स्पीकरच्या म्होरं गेलं की काय होतंय?"

"शिट्टी वाजते."

"काहून वाजते? स्पीकरातलं माईकात जातं, माईकातलं पुन्ना स्पीकरात, अन् गोल गोल फिरत बसतं. कुणाला बोलायची गरज न्हाई. तुझं यंत्र दोन आठवडे झाले शिट्टी मारून राहिलंय. लय बारीक शिट्टी, कानाला ऐकू येत न्हाई. पण त्या काट्याला ऐकू येते."

"मीटर अर्ध्यावर उभं राहायचं."

"मंग?"

"मला वाटलं मीटर जुनं हाय."

"अन् पत्रा लाल व्हायचा?"

तो रंग आपल्याला आवडला होता, हे वैजनाथनी बाबूसिंगला कधीच सांगितलं नाही.

शिट्टी थांबली की नाही हे कळायला बाबूसिंगच्या पिशवीत एक उपकरण होतं, पण त्याची बॅटरी गेलेली निघाली. तेव्हा साधनाताई म्हणाल्या, "माझा काटा हाय की." लेकरं खिचडी खाऊन घरी गेली होती. त्यांनी ज्वारीची पिशवी काट्यावर ठेवली, जवळ बसल्या आणि मधलं दार उघडं टाकलं.

"चालू कर," बाबूसिंग म्हणाला.

"आठ साडेतीनशे," पलीकडून आवाज आला.

यंत्र बंद केलं. पिन काढली. बाबूसिंगने लाकडी दांड्याला बांधलेल्या तारेने आतली साठलेली वीज जमिनीत सोडली. आठशे व्होल्ट होते, तिथे घाई करायची नव्हती. मग त्याने खिशातून ब्लेड काढून वैजनाथच्या हातात दिलं.

"तूच काप."

चार महिन्यांच्या गाठी वैजनाथनी एकेक करून कापल्या. पहिल्या तीन गाठींना वेळ लागला. पुढे सवय झाली. आत येणाऱ्या तारा डावीकडे ओढल्या, बाहेर जाणाऱ्या उजवीकडे. यंत्राचं पोट पिंजारलेल्या केसांसारखं दिसायला लागलं.

"चालू."

"आठ नऊशे."

"चढलं," बाबूसिंग म्हणाला. "आता ह्या व्हॉल्वच्या बुडातून जमिनीला जाणारी तार पाय. वीतभर हाय."

"वळण चांगलं दिसावं म्हणून."

"वळण काढ. पट्टी मार, रुंद अन् आखूड, जितकी आखूड तितकी चांगली."

तांब्याची पट्टी कापून, बोटभर लांब ठेवून, थेट सांगाड्याला स्क्रूने आवळली. ज्वारी नऊ किलो दोनशेवर गेली. मग साधनाताईंनी स्वयंपाकघरातून गोडेतेलाचा रिकामा डबा आणून दिला. तो कापून, सरळ करून, यंत्राच्या मधोमध भिंत उभी केली. अलीकडे आत येणारं, पलीकडे बाहेर जाणारं, दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नाही.

"नऊ सहाशे," साधनाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता रंगात आल्याची खूण होती. "अजून चारशे पाह्यजे, भाऊ."

"देतो, वहिनी."

शेवटचं काम बाबूसिंगने स्वतः केलं. पेन्सिलीएवढ्या जाड रेझिस्टरवर जाड तारेचे पाच वेढे दिले आणि असं एकेक कडं दोन्ही व्हॉल्वच्या टाळूवर, तार जिथून निघते तिथेच, जोडलं. बारीक शिट्टी इथून निघायला गेली की या कड्यात तिचा जीव जातो, आणि आपलं बोलणं मात्र बिनतक्रार पुढे जातं, एवढंच त्याने समजावून सांगितलं.

वैजनाथनी पिन लावली. खटका वर केला. मीटरचा काटा जरासा हलला आणि शून्यावर जाऊन निजला. व्हॉल्वच्या पोटातला पत्रा काळाच राहिला. पलीकडून काही आवाज येईना.

"साधना?"

"थांबा. दोन डाव पाहून राहिले."

तिघंही थांबले.

"दहा किलो," साधनाताई म्हणाल्या. "बराबर दहा."

वैजनाथ उठून पलीकडे गेले आणि स्वतःच्या डोळ्यांनी आकडा पाहिला. मग बटण दाबून माईकमध्ये बोलून पाहिलं. तरीही दहा. त्या दिवशी दोन आठवड्यांत पहिल्यांदा साधनाताईंनी ताटातली भाकरी संपवली आणि वर अर्धी आणखी घेतली.

पथक आलं ते सोमवारीच. डॉक्टर, नर्स, प्रतिक्षा मॅडम. यावेळी मॅडमनी काट्याबरोबर झोळीचा जुना टांगता काटाही आणला होता. खोली आयांनी आणि आज्यांनी भरून गेली होती. लेकरांचा बाप एकही नव्हता, सगळे हळदीवर. वैजनाथ मागच्या खोलीच्या दारात इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. साधनाताईंच्या सांगण्यावरून यंत्र चालू होतं. दुरुस्ती खरी असेल तर ती यंत्र चालू असताना दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

पहिला चतुराबाईचा नातू. काट्यावर ठेवल्याबरोबर त्याने पाय झाडले. आकडा स्थिरावला, आठ किलो नऊशे. झोळीच्या काट्यावरही तेच.

डॉक्टरांनी लेकराचा दंड मोजला, डोळे पाहिले आणि कागद पाहिला. "याला भरती करायचं होतं?"

एकामागून एक लेकरं बसत गेली. लाल ठिपक्यातलं एकही लाल राहिलं नाही. उलट जवळपास सगळ्यांचीच वजनं मागच्या महिन्याच्या खऱ्या वजनाहूनही वर गेली होती. प्रतिक्षा मॅडम दर आकड्याला साधनाताईंकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, तीन आठवड्यांत हे कसं केलं? मला लिहून पाहिजे. बाकीच्या अंगणवाड्यांना दाखवता येईल."

साधनाताईंनी दाराकडे पाहिलं. वैजनाथ पुढे आले. पोलिसात साहेबासमोर उभं राहायचे तसे टाचा जुळवून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. विहिरीतला आवाज, व्हॉल्व, दोऱ्याच्या गाठी, कानाला ऐकू न येणारी शिट्टी, ज्वारीची पिशवी. लेकरं कधी बारीक झालीच नव्हती. साधनेनं लेकरांच्या तोंडचा एक दाणा इकडचा तिकडे केला नव्हता. चूक सगळी त्यांची एकट्याची होती. शेवटी ते म्हणाले, "तार आज काढा म्हणाल तर आज काढतो."

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मॅडमनी कपाळाला हात लावला. पण वैजनाथचं लक्ष या दोघांकडे नव्हतंच. ते चतुराबाईकडे बघत होते.

चतुराबाई नातवाला काखेत घेऊन उठली आणि त्यांच्यासमोर आली.

"म्हंजी माझं लेकरू आजारी न्हवतंच?"

"न्हाई, मावशी."

"एक दिस पण न्हाई?"

"न्हाई."

तिने एकदम खाली बसून घेतलं. डोळ्यांना पदर लावला. तीन आठवडे ती सगळ्यांना धाकात ठेवून होती; स्वतःच्या पोटातली भीती तिने कुणाला दाखवली नव्हती. साधनाताई तिच्याजवळ जाऊन बसल्या. चतुराबाईने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "पोरी, कढईपाशी ते मीच बोलले होते, खिचडीचं. मनात ठिवू नको."

"न्हाई ठेवत, मावशी."

मग चतुराबाईने डोळे पुसले, नाक ओढलं आणि सुनेकडे, मग बाकीच्या बायकांकडे वळून पाहिलं.

"आता ऐका. हे जे वैजनाथ बोलला, ते या खोलीतच ऱ्हाईल."

वैजनाथना कळेना. "मावशी, मी तर गावासमोर सांगाया तयार हाय."

"तुला कोण इचारून राहिलं? वरीसभर झगडले मी लेकासंगं, लेकरापुरतं दूध घरात ठिव म्हून. ऐकलं न्हाई. तुह्या त्या शिट्टीपायी त्यानं एका दिसात ऐकलं. आता तू जाऊन सांगशील की लेकरू धडधाकट होतं, तर उद्या सकाळी कॅन पुन्ना काठोकाठ भरून डेअरीला जाईल."

"आमच्या घरी अंडी बंद होतील," एक आई म्हणाली.

"आमच्याकडं तर ते सोता भरवायला लागले हायत," दुसरी हळूच म्हणाली, आणि बायका खाली माना घालून हसल्या.

प्रतिक्षा मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर गंभीर व्हायचा प्रयत्न करत म्हणाले, "दूध आणि अंडी बंद करा असं मी तरी सांगणार नाही."

मॅडमनी पेन उचललं. आधीचे आकडे यंत्राच्या अडथळ्यामुळे चुकीचे आले होते, असं त्यांनी एका ओळीत लिहिलं आणि नोटिशीचा विषय तिथे संपवला. त्याच्या खाली पालकांच्या सहभागाबद्दल मात्र चांगला पाऊण पान मजकूर लिहिला, आणि साधनाताईंना पुढच्या महिन्यात सेनगावच्या बैठकीत बोलायला यायला सांगितलं. जाताना त्या वैजनाथजवळ थांबल्या.

"काका, तार राहू द्या. पण वजनाच्या दिवशी यंत्र बंद."

"बंद म्हणजे बंद, मॅडम. पिनच काढून ठेवतो."

गाडी गेली. वैजनाथनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि ओट्यावर बसून मोठा श्वास घेतला. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. साधनाताईंनी न मागता चहा आणून दिला.

संध्याकाळी सोमेश्वर मोटारसायकलला दुधाचा काठोकाठ भरलेला कॅन अडकवून ओट्यापुढून चालला होता. वैजनाथना पाहून त्याने गाडी थांबवली.

"काका, डॉक्टर येऊन गेले म्हणं. आमच्या लेकराचं काय झालं?"

"आठ किलो नऊशे."

सोमेश्वरचा चेहरा खुलला. त्याने कॅनवर हात ठेवला, जरा घुटमळला.

"मंग आता झालं म्हणा बराबर. दूध पहिल्यावानी डेअरीला घालाया हरकत न्हाई."

तेहतीस वर्षं वैजनाथनी निरोपातला एक शब्द कधी गाळला नव्हता. त्यांनी घरात पाहिलं. दाराच्या आड साधनाताई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला होता.

"डॉक्टर म्हणले, बंद करू नका," वैजनाथ म्हणाले.

"दोन लिटर?"

"दोनच्या खाली जाऊ देऊ नको."

सोमेश्वरने मान डोलावली आणि गाडी वळवून, दोन लिटर काढून ठेवायला, कॅन परत घराकडे नेला.